ओळखीच्या यादीत

सोमवार, ४ सप्टेंबर

लागली! नोकरी लागली, भाड्याचं घर लागलं, आणि आठवडाभर खटपट केल्यावर आज गीझरही लागला. आई म्हणाली, आता तुला भूक लागली की सगळं झालं. नव्या गावात आल्यापासून आईचा हा पहिला जोक, म्हणून नोंदवून ठेवतेय.

रोजनिशी लिहायची आयडिया मुळात दादाची. तो म्हणायचा, इंग्लिश मीडियमवाल्यांनी रोज एक पान मराठीत लिहिलं नाही तर दोन पिढ्यांत त्यांचं मराठी 'अय्या' आणि 'अगं बाई'वर येईल. हाताने लिहिलं की माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागते, म्हणून त्याच्याच जुन्या लॅपटॉपवर टाइप करतेय. दादा गेल्या वर्षी गेला. तापाचं निमित्त झालं. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी एवढ्या उशिरा जन्मले म्हणून मला ठिगळ म्हणायचा, घराला मागाहून लावलेलं. मी जाम चिडायचे. आता चिडायला कोणी नाही.

त्याचा फोटो आईने सामान सोडायच्या आधी लावला. हातोडी सापडेना. तेव्हा आई अगदी त्याच्या सुरात म्हणाली, नीट बघ, इथेच असणार, जाणार कुठे? घरात काहीही हरवलं की दादाचं हेच वाक्य. हातोडी नाहीच सापडली. खिळा वरवंट्याने ठोकला.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. लोक आमच्याकडे मागे राहिलेले कॉम्प्युटर आणून देतात. कोणाचे वडील गेलेले असतात, कोणाची बायको. एका मशीनमध्ये लाखो फाईल्स. त्यातलं त्या माणसाचं स्वतःचं किती आणि मशीनचं किती, हे वेगळं करून द्यायचं. गव्हातले खडे निवडतात तसं, फक्त इथे गहू टाकायचा आणि खडे ठेवायचे. (ही उपमा माझी. आमच्या ऑफिसच्या मॅडम हसल्या नाहीत.)

बुधवार, ६ सप्टेंबर

आज मॅडमनी ठसा शिकवला! बाहेर सगळे हॅश म्हणतात, या ठसा म्हणतात. कुठलीही फाईल एका गणितातून काढली की आकडे आणि अक्षरांची एक लांब माळ मिळते. तीच फाईल असेल तर जगात कुठेही तीच माळ. मॅडमनी माझ्याकडून एक वाक्य टाइप करून घेतलं, ठसा काढला, मग त्यातला एकच स्वल्पविराम पुसायला लावला. माळ मुळापासून बदलली! मी टाळीच वाजवली. शेजारच्या टेबलावरचा मुलगा दचकला. हा समोरच्याचे शेवटचे शब्द परत म्हणतो. मी म्हटलं आज चहा गार आहे, हा म्हणणार, गार आहे. सगळे त्याला झेरॉक्स म्हणतात, त्याला आवडतंही.

प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये सिस्टिमच्या लायब्ररी फाईल्स असतात. पुस्तकांची लायब्ररी नाही. या सामायिक फाईल्स, चाळीतल्या नळासारख्या, सगळ्या प्रोग्रॅम्सनी मिळून वापरायच्या. अक्षर कसं दाखवायचं, खिडकी कशी उघडायची, काही चुकलं तर माणसाला काय सांगायचं, हे त्यांच्यात असतं. जगभर तशाच्या तशा. त्यांच्या ठशांची मोठी यादी आमच्याकडे आहे. मशीन जोडलं की तुलना सुरू. यादीत ठसा असला की हिरवं, ओळखीचं. नसला की लाल, अनोळखी. नावावर जायचं नाही, नाव कोणीही लावतं. ठसा बघायचा.

मॅडमचा नियम एकच. ओळखीचं दिसलं की सोडून द्यायचं. उघडायचं नाही, वाचायचं नाही. मी म्हटलं, म्हणजे नको असलेले नातेवाईक दिसल्यावर आई करते तसं, ओळख न दाखवता पुढे. झेरॉक्स म्हणाला, न दाखवता पुढे.

माझ्या खुर्चीमागच्या हुकावर जांभळी शाल आहे. कोणाची म्हणून विचारलं, तर झेरॉक्स म्हणाला, कोणाची नाही, हुकासोबतच आली. हे मात्र त्याचं स्वतःचं वाक्य होतं. बरा जोक करतो.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

आज चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर रिपोर्ट न्यायला आले. त्यांची बायको गेली, तिचा कॉम्प्युटर आमच्याकडे होता. रिपोर्टमध्ये काहीच नाही. सगळं हिरवं. मास्तर म्हणाले, असं कसं हो, ती रोज मला चिठ्ठी लिहायची, मी कधी वाचल्या नाहीत, म्हटलं रिटायर झाल्यावर निवांत वाचू. माझ्या घोरण्यावर तिने कविता केली होती म्हणे, ती तरी बघा. मग म्हणाले, इथल्याच एका मुलीने मला शब्द दिला होता, चिठ्ठ्या ओळखीच्या यादीत टाकते म्हणजे कोणी पुसणार नाही. जांभळी शाल घेऊन बसायची ती.

मॅडम म्हणाल्या, अशी कोणी इथे नव्हती. शांतपणे म्हणाल्या. खोटं बोलणारा माणूस इतका शांत नसतो.

मास्तर गेल्यावर मी हिरव्यातली एक फाईल हळूच उघडली. आत होतं, जेवून घ्या. काळजी करू नका. तब्येतीला जपा. असं तर कोणीही लिहितं. मी बंद केली.

मास्तर जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून उतरत होते.

सोमवार, ११ सप्टेंबर

आज कुठून सुरुवात करू तेच कळत नाही, पण चांगल्या अर्थाने.

मॅडम म्हणाल्या, सरावाला स्वतःचंच मशीन जोड. मी हा लॅपटॉप जोडला. सिस्टिमचं फोल्डर हिरवंगार, भाताच्या शेतासारखं. मध्येच एक लाल ठिपका. एक लायब्ररी फाईल. नाव बरोबर, साइज बरोबर, पण ठसा वेगळा.

झेरॉक्स म्हणाला व्हायरस. मी उघडली. ती चुका सांगणारी फाईल आहे, काही बिघडलं की कॉम्प्युटर जे वाक्य दाखवतो ती वाक्यं तिच्यात असतात. दादाने ती बदलली होती. एकेक वाक्य. अक्षरं मोजून, साइज न बदलता. जागा उरली तिथे टिंबं भरली होती.

डिस्क भरली की: ठिगळ, कपाट आवर.
पासवर्ड चुकला की: चष्मा डोक्यावर आहे का बघ.
नेट गेलं की: बाहेर ऊन पडलंय, फिरून ये.
मशीन अडकलं की: थांब जरा, म्हातारं झालंय.
फाईल सापडली नाही की: नीट बघ. इथेच असणार. जाणार कुठे?

मला लॅपटॉप द्यायच्या आधी कधीतरी केलं असणार. मी इतके दिवस नुसती टाइप करत बसले, एकही चूक केली नाही, म्हणून तो एकदाही बोलला नाही. एवढी कसली मी शहाणी.

घरी आल्यावर आईला काही न सांगता मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. आईने वाचलं आणि तिचा हात खरंच डोक्यावर गेला. चष्मा तिथेच होता. आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, परत टाक. संध्याकाळभर आम्ही दोघी चुकीचे पासवर्ड टाकत बसलो.

बुधवार, १३ सप्टेंबर

एक लोचा झालाय. ऑफिसच्या नेटवर्कला एकदा जोडलेलं मशीन त्यांच्या नोंदीत जातं. दर शुक्रवारी स्वच्छता असते, म्हणजे सिस्टिमच्या फोल्डरमधली लाल फाईल आपोआप काढून तिच्या जागी मूळची बसवतात. मी मॅडमना खरं काय ते सांगितलं, माझ्या दादाची आहे म्हणून. त्या म्हणाल्या, कॉपी काढून घे.

कॉपी म्हणजे बरणीत घालून ठेवल्यासारखं. मला तो त्याच्या जागेवर हवाय, बोलता. मास्तरांचं वाक्य आठवलं, यादीत टाकते म्हणजे कोणी पुसणार नाही. यादीत भर घालायचे हक्क आम्हा सगळ्यांना आहेत, नवीन सिस्टिमच्या फाईल्स येतच असतात. जेवणाच्या सुट्टीत मॅडम खाली गेल्या तेव्हा मी त्याचा ठसा टाकला. एक बटण. खाली वाक्य आलं, ओळख पटली.

मला इतकं बरं वाटलं! दादा, आता तू ओळखीचा.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

स्वच्छता झाली. दादा जागेवर! हिरवा! येताना आईला आवडते ती लाल-पिवळी जेली घेतली. आईने मुद्दाम पासवर्ड चुकवला आणि स्क्रीनकडे बघून म्हणाली, आहे रे बाबा डोक्यावर, आहे.

मंगळवार, १९ सप्टेंबर

गंमत म्हणू की काय म्हणू. आज एका बेकरीवाल्याचं मशीन आलं, त्याची आई गेली, तिच्या हिशेबाचं होतं. सगळं हिरवं चाललं होतं. सहज नजर गेली. तीच फाईल, आणि ठसा दादाचा. पहिली अक्षरं मला पाठ आहेत, शेवटचीही.

मी उघडली. ठिगळ, कपाट आवर.

वाटलं, माझ्या मशीनमधून इकडे गेली असेल. ऑफिसच्या कपाटातलं जुनं मशीन काढलं, कधीच नेटवर्कला न जोडलेलं. त्यातही आहे. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, मग? ती सगळ्यांच्यात असते. सिस्टिमची आहे.

खाली उतरताना चष्म्याच्या दुकानाची पाटी वाचली. चष्मा डोक्यावर आहे का बघा. रंग उडालाय, एक कोपरा गंजलाय. जुनी पाटी आहे. मी रोज तिच्याखालून जाते. आधी काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

गुरुवार, २१ सप्टेंबर

झेरॉक्स फोनवर बहिणीशी बोलत होता. म्हणाला, ठिगळ, आईला फोन दे.

मी विचारलं, ठिगळ का म्हणतोस तिला? तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, धाकट्या बहिणीला ठिगळच म्हणतात ना. तुझ्याकडे काय म्हणतात?

नाही रे. ते माझं आहे. ते एकाच माणसाने एकीला ठेवलेलं— हे मनात म्हटलं. तोंडाने फक्त, हो, ठिगळच, एवढं निघालं.

घरी पासवर्ड चुकवला. आईने वाचलं, जांभई दिली. म्हणाली, किती वेळा तेच तेच दाखवतेस, सगळ्याच कॉम्प्युटरवर असतं ते.

शनिवार, २३ सप्टेंबर

आई आज भिंती पुसत होती. फोटोपाशी थांबली. म्हणाली, ही फ्रेम आणून इतके दिवस झाले, आतला फोटो आपण बदललाच नाही. आपला एखादा लावू या की.

मी म्हटलं, आई, हा आपलाच आहे.

ती म्हणाली, अगं नाही, हा फ्रेमसोबत येतो तो. नमुन्याचा. गोड दिसतो हां मुलगा. कोणाचा तरी असेल.

फडक्याने त्याचं तोंड पुसलं आणि पुढे गेली. पंख्याच्या बटणाकडे.

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग बाहेर येऊन एकेक विचारलं. त्याचा ताप, हॉस्पिटलचा तो बाक, तिने त्याच्या उशाशी ठेवलेला रेडिओ. आई ऐकत होती. कोणा दुसऱ्याचं ऐकावं तशी. शेवटी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, वाईट झालं गं. कोणाच्या घरचं हे?

सोमवार, २५ सप्टेंबर

मॅडमना म्हटलं, यादीतून एक ठसा काढा, माझी चूक झाली. त्या म्हणाल्या, यादीत भर पडते, खोडाखोड नसते. जिथे जिथे गेली तिथून परत कशी आणणार? बोललेला शब्द परत गिळता येतो का? मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, तू कुठली फाईल म्हणतेस? ती तर पहिल्यापासून आहे.

मास्तर जिन्यात भेटले. चष्मा करायला आले होते. ताठ चालत होते, शीळ घालत. मी चिठ्ठ्यांचं विचारलं. म्हणाले, कसल्या चिठ्ठ्या? मी पहिल्यापासून एकटाच, पोरी. बायको-बियको भानगड नाही. हसले. हसता हसता शर्टाचं बटण चाचपत होते, तुटलेलं, लाल दोऱ्याने शिवलेलं. म्हणाले, हे कोणी शिवलं कोण जाणे. शर्टासोबतच आलं असेल.

शाल हुंगून बघितली. कोणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास आहे. होतीस तू. बाई गं, होतीस.

मंगळवार, २६ सप्टेंबर

एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. हेच तर पहिल्या आठवड्यात शिकले!

त्याच्या वाक्यातला एक पूर्णविराम काढला. लाल! अनोळखी! मी नाचले. लॅपटॉप आईसमोर ठेवला, पासवर्ड चुकवला, तिच्याकडे बघत बसले.

आईने वाचलं. चेहऱ्यावर काहीतरी आलं. मग म्हणाली, हे तू लिहिलंयस.

खरं आहे. आता ती त्याची नाही, माझी आहे. त्याची फाईल हिरवी आणि सगळ्यांची. लाल आहे ती फक्त माझी ढवळाढवळ.

पूर्णविराम परत दिला.

बुधवार, २७

माझ्याकडे अजून ही रोजनिशी आहे. हिच्यात तो आहे. वरवंटा आहे, ठिगळ आहे, आईचा डोक्यावर गेलेला हात आहे. हे कुठल्या यादीत असणार? ऑफिसात हिचा ठसा काढून बघितला, खात्रीसाठी.

हिरवं.

गुरुवार

रोज नवीन ओळी लिहितेय, म्हणजे ठसा रोज नवा. तरी हिरवं. म्हणजे ही ओळही आधीच कोणीतरी— ही पण—

कोणालाच माहीत नसलेलं काहीतरी लिहायला हवं. मी सात वर्षांची असताना माझा दात पडला, दादाने तो काडेपेटीत घालून पोस्टाने मलाच पाठवला, पत्त्यावर लिहिलं, श्रीमती ठिगळ, दुसरी ब. पोस्टमनने सही मागितली. मला सही येत नव्हती. दादाने माझा अंगठा शाईत बुडवला. म्हणाला, हा ठसा तुझा, जगात दुसरा नाही.

तपासलं. हिरवं.

मॅडमनी आज मलाच विचारलं, कोणाला भेटायचंय?

झेरॉक्स म्हणाला, भेटायचंय.

शुक्रवार

घरी आले. बेल वाजवली. आईने दार उघडलं.

या, म्हणाली.

ये नाही. या.

पाणी दिलं. बसा म्हणाली. स्वच्छतेवाल्या ना तुम्ही, आज शुक्रवार, म्हणाली. तिच्यामागे भिंतीवर तो. शेजारी दुसरी फ्रेम, कधी लावली माहीत नाही. तिच्यात मी, दुसरीतली, दोन वेण्या. नमुन्याचा फोटो. गोड दिसते मुलगी.

आई, मी. अगं मी.

कोणी धाकट्या का तुम्ही, म्हणाली. सगळ्या धाकट्यांना ठिगळच म्हणतात.

—

जिन्यात बसून लिहितेय. दार बंद आहे. आत आई स्वतःशीच गुणगुणतेय. दुःखात नाही ती. तेवढं तरी.

एक राहिलंय. इतक्या पानांत दादा दादा म्हणत बसले. दादा तर सगळ्यांनाच असतो. हे किती आधी सुचायला हवं होतं. त्याचं नाव. नाव एकदाही लिहिलं नाही मी. नाव लिहिलं की ही फाईल फक्त आमची, मग लाल होईल, मग आई दार—

त्याचं नाव

थांब. येईल. बारशाला आत्याने ठेवलं होतं, तीन अक्षरी, मधलं अक्षर

त्याचं नाव

सापडत नाही. नीट बघ. इथेच असणार. जाणार कु